वकीलकाकांचं नुंक प्रो तुंक

आमच्या समोरच्या वकीलकाकांनी मला संक्रांतीचा तिळगूळ श्रावणात दिला.

बेल वाजली म्हणून दार उघडलं, तर काका उभे. पांढरा सदरा, काळी पँट, हातात स्टीलची डबी. चेहरा असा गंभीर की मला वाटलं, बिल्डिंगमध्ये काहीतरी फुटलं.

"तिळगूळ घ्या, गोड बोला."

"काका, श्रावण चाललाय."

"कॅलेंडर माझ्याही घरी आहे," काका म्हणाले. "जानेवारीत पाण्याच्या टाकीवरून आपलं वाजलं होतं. म्हणून मी संक्रांतीला तुमच्याकडे आलो नाही. ते चुकलं. हा तिळगूळ आज देतोय, पण संक्रांतीलाच दिला असं धरायचं. नुंक प्रो तुंक."

"काय?"

"आधी खा."

खाल्ला. लाडू बहुधा खरोखरच जानेवारीतला होता, कारण दात हलला. मी मुळात साताऱ्याची, त्यात जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवलेली, त्यामुळे गप्प बसणं जमत नाही. म्हटलं, "मग मीही संक्रांतीपासून तुमच्याशी गोड बोलत होते असं धरायचं का?"

"छे! तुम्ही अजिबात बोलत नव्हतात. ती वस्तुस्थिती आहे. वस्तुस्थितीला मला हात लावता येत नाही," असं म्हणून काकांनी डबीचं झाकण लावलं आणि निघून गेले.

मोरेश्वर राऊत हे त्यांचं नाव, पण वसईच्या माणिकपुरात त्या नावानं त्यांना कुणी शोधत नाही. वकीलकाका म्हटलं की रिक्षा स्टँडवरचा कुणीही आमची बिल्डिंग दाखवतो. मूळचे ते आगाशीकडचे, केळी-नारळाच्या वाडीवाले. बाकीची भावंडं शिंपणं-खुरपणं शिकली आणि हे कायदा शिकले. सगळी वकिली वसईच्या कोर्टात केली. आता कोट खुंटीला लावून बरीच वर्षं झाली, तरी माणूस अजून कोर्टातच राहतो. दुधवाल्याचं दूध पातळ निघालं तर काका त्याला ओरडत नाहीत, "तुमचं म्हणणं मांडा" म्हणतात. दूधवाला बिचारा ओरडा पत्करला म्हणतो.

त्यांचं ते लॅटिनही सरळ नाही. इंग्रजीत कायदा शिकलेली माणसं 'नंक प्रो टंक' म्हणतात. काका 'नुंक प्रो तुंक' म्हणतात आणि त्याबद्दल जरासुद्धा शरमत नाहीत. कॉलेजात असताना ते नंदाखालच्या एका म्हाताऱ्या फादरांकडे संध्याकाळी जाऊन बसत. फादरांचं लॅटिन चर्चमधलं, प्रार्थनेतलं. त्यांच्या प्रार्थनेत 'नुंक' हा शब्द रोज येतो, त्याचा अर्थ 'आता'. इंग्रजांनी लॅटिनचं वाटोळं केलं असं फादरांचं ठाम मत होतं, आणि ते मत काकांनी जसंच्या तसं उचलून कोर्टात नेलं. एका न्यायाधीशांनी एकदा भर कोर्टात विचारलं, "राऊत, हा उच्चार कुठल्या हायकोर्टाचा?" काका म्हणाले, "नंदाखालच्या चर्चचा, साहेब." त्या दिवशीची केस ते हरले. पण उच्चार सोडला नाही.

तिळगुळाच्या दुसऱ्या दिवशी मी त्यांना चहाला बोलावलं आणि म्हटलं, आता नीट समजावून सांगा. काकांना एवढंच हवं असतं. त्यांनी माझ्या जेवणाच्या टेबलावर कोर्ट मांडलं. मिठाची बरणी न्यायाधीश, लोणच्याची बरणी वादी आणि एक चमचा प्रतिवादी.

"नुंक म्हणजे आता. तुंक म्हणजे तेव्हा. प्रो म्हणजे साठी. आता, तेव्हासाठी," काका म्हणाले. "पूर्वी इंग्लंडात काय व्हायचं, लोणच्यानं चमच्यावर दावा लावला. साक्षी झाल्या, वकिलांची भाषणं झाली. मीठ म्हणालं, ठीक आहे, विचार करून निकाल देतो. आता मीठ विचार करायला बसलं. उन्हाळा गेला, हिवाळा गेला. आणि इकडे," काकांनी लोणच्याची बरणी आडवी केली, "लोणचं मेलं."

मी बरणी झटकन सरळ केली. तेल सांडतं.

"मेलेल्या माणसाच्या नावे निकाल देता येत नाही. दावा संपला. लोणच्याची पोरंबाळं उघड्यावर. आता सांगा, दोष कुणाचा? लोणच्याचा?"

"मिठाचा."

"शाब्बास! त्या जुन्या न्यायाधीशांनाही ते पटलं. ते म्हणाले, उशीर आम्ही केला, त्याची शिक्षा मेलेल्याला कशाला? मग त्यांनी युक्ती काढली. निकाल आज लिहायचा, पण तो माणूस जिवंतपणी आमच्यासमोर उभा होता त्या दिवसापासून लागू करायचा. आपल्याकडेही ही सोय आहे. भाषणं झाल्यावर पक्षकार गेला, तर निकाल तो जिवंत असल्यासारखाच धरतात."

खरं सांगते, मी इतकी वर्षं इंग्रजी शिकवली, पण कायद्यात इतकी माणुसकी असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. पण ते लगेच कबूल करणं माझ्या स्वभावात नाही. मी म्हटलं, "म्हणजे आळशी लोकांची चैनच."

"नाही!" काकांनी चमचा आपटला. "पक्षकार स्वतःच झोपला असेल तर हे औषध लागू पडत नाही. उशीर कोर्टाचाच हवा. आणि जे घडलंच नाही ते घडलं म्हणून लिहितासुद्धा येत नाही."

"मग आपल्या टाकीच्या भांडणात कोर्ट कोण?"

"तेव्हा सोसायटीचा चेअरमन मी होतो," काका म्हणाले आणि चहा प्यायले.

त्यानंतर मला दिसायला लागलं की ही स्वारी सगळीकडे हेच करत हिंडते. सोसायटीच्या वार्षिक सभेत काका उठले आणि म्हणाले, मागच्या वर्षी मी दुसऱ्या मजल्यावरच्या पाटलांना बोलू दिलं नव्हतं, ते त्यांना आज बोलू द्यावं. सगळ्यांनी पाटलांकडे बघितलं. पाटील घाबरले. त्यांना काय बोलायचं होतं ते आठवेना. शेवटी ते 'मी तेव्हाच्या मताशी ठाम आहे' एवढं म्हणून खाली बसले, आणि काकांनी ते कार्यवृत्तात घ्यायला लावलं. मासळी बाजारात तर मी स्वतः बरोबर होते. काका एका कोळणीसमोर थांबून म्हणाले, "बाई, गणपतीआधी तुम्ही दिलेली सुरमई फार ताजी होती. मी तेव्हा बोललो नाही. आज सांगतो." कोळीण त्यांच्याकडे बघतच राहिली. मग म्हणाली, "काका, त्या सुरमईचा पानी पन वाहून गेला. आज काय घेता ते बोला." पण हसली. आणि काकांनी मागितले नव्हते तरी दोन बोंबील जास्त टाकले.

मला हे सगळं म्हातारपणचं वेड वाटत होतं. गोड, निरुपद्रवी, पण वेड. ते तसं नव्हतं हे कळायला कार्तिक उजाडावा लागला.

त्यासाठी सुनंदाकाकूंबद्दल सांगायला हवं. वकीलकाकांची बायको. गोरी, ठेंगणी, सतत हसणारी बाई. आम्ही दोघी दुपारी गॅलरीत बसून भाजी निवडायचो तेव्हा त्यांनीच मला मुलीच्या लग्नाची गोष्ट सांगितली होती.

काकांना एकुलती एक मुलगी, अस्मिता. तिचं लग्न ठरलं तेव्हा काकांची वकिली जोरात होती. आमंत्रणाची त्यांच्याकडे रीत अशी की घरातल्यांनी स्वतः जायचं, देवापुढे अक्षता ठेवायच्या, सुपारी द्यायची. त्यातून आत्याचा मान सगळ्यांत मोठा, कारण त्यांच्या घरात नवरीला पहिली हळद आत्या लावते. आत्या म्हणजे काकांची थोरली बहीण, यमुताई. दिलेली जवळच, नंदाखालच्या पुढच्या वाडीत. पण काका तारखांमध्ये अडकले होते, आणि त्यांना वाटलं की पोस्ट खातं आहे कशासाठी? त्यांनी सख्ख्या बहिणीला मुलीच्या लग्नाचं आमंत्रण रजिस्टर ए.डी.नं पाठवलं. ऑफिसच्या लांब पाकिटातून. वर शिक्का, 'मोरेश्वर राऊत, वकील'.

आता वसईत वाडीवाल्या घरात वकिलाचं रजिस्टर पाकीट आलं की त्याचा एकच अर्थ होतो. जमीन. यमुताईंना वाटलं, भावानं बापाच्या वाडीतला हक्क सोडून द्यायची नोटीस धाडली. त्या पोस्टमनला म्हणाल्या, "घ्यायची नाय मला. ने परत." पाकीट परत आलं. त्यावर पोस्टमननं लिहिलेलं, 'घेण्यास नकार'. काकांनी ते बघितलं आणि म्हणाले, "कायद्यानं, नाकारलं म्हणजे पोचलं."

लग्न झालं. पहिली हळद काकूंच्या मावशीनं लावली. यमुताईंना चार दिवसांनी दुसऱ्याच कुणाकडून कळलं की पाकिटात काय होतं, आणि मग त्या जास्तच भडकल्या. नोटीस परवडली असती. आमंत्रण पोस्टानं? बहिणीला? त्या दिवसापासून दोन्ही घरांचं बोलणं बंद. अस्मिता मेलबर्नला गेली, तिला मुलं झाली, ती शाळेत जायला लागली, तरी बंद ते बंदच.

"मी यांना सारखी सांगते," काकू मटार सोलता सोलता म्हणायच्या, "उशीर झाला तर झाला, तुम्ही स्वतः जा. हात जोडा. तर म्हणतात, विचार करून सांगतो. आमच्याकडे निकाल लागतच नाहीत हो!" आणि हसायच्या.

मग, त्या श्रावणातल्या तिळगुळाच्या बऱ्याच आधी, काकू आजारी पडल्या आणि थोडक्या दिवसांत गेल्या. यमुताई आल्या नाहीत. घरातलं कुणी पाठवलं नाही. मी तेव्हा त्या बाईला, न बघितलेल्या, मनातल्या मनात पुष्कळ बोलून घेतलं. काका त्या दिवशी रडले नाहीत. आलेल्या माणसांना "एकेकानं पुढे या, गर्दी करू नका" सांगत दारात उभे होते. लोक म्हणाले, खंबीर माणूस आहे. मला ते बघवलं नव्हतं.

तर कार्तिकात, तुळशीचं लग्न झाल्यावर काका आले. "रविवारी मोकळ्या आहात? साक्षीदार लागेल."

"कशाला?"

"यमुताईला आमंत्रण द्यायचंय. अस्मिताच्या लग्नाचं. जोडीनं जायचं असतं, पण सुनंदा नाही."

त्यांनी पिशवीतून पत्रिका काढून दाखवली. नवीकोरी छापलेली. तारीख जुनी, तेव्हाचीच. स्टेशनजवळच्या प्रेसवाल्यानं म्हणे दोनदा फोन करून विचारलं की तारीख चुकलीय का. काकांनी त्याला लेखी कळवलं की चुकलेली नाही.

तिळगूळ, पाटील, सुरमई, सगळं एकदम डोळ्यांसमोर आलं. हा माणूस इतके महिने लहान लहान दावे चालवून धीर गोळा करत होता. मोठ्या दाव्यात उभं राहायची त्याची छाती होत नव्हती. मला फार वाईट वाटलं, आणि त्यांचा अभिमानही वाटला. तोंडानं मात्र मी एवढंच म्हटलं, "काका, इथे कोर्टाचा उशीर नाही. उशीर तुमचा आहे. तुमचंच औषध तुम्हाला लागू पडत नाही."

"पडतं," ते हळू म्हणाले. "त्या घरात निकाल मीच द्यायचो. सुनंदानं अर्ज केला होता. मी निकाल राखून ठेवला."

रविवारी रिक्षा केली. गास गाव ओलांडलं, दोन्ही बाजूंना केळी लागल्या. काकांच्या मांडीवर पिशवी, पिशवीत नारळ, सुपारी, कागदात बांधलेल्या अक्षता आणि पत्रिका. नंदाखाल मागे पडल्यावर त्यांनी रिक्षावाल्याला तीनदा "हळू" सांगितलं. रिक्षा हळूच चालली होती.

यमुताई ओट्यावर अळूची पानं निवडत बसल्या होत्या. वाळलेली, ताठ बाई, चष्म्याच्या काचा जाड. त्यांनी आम्हाला फाटकातून येताना बघितलं आणि पुन्हा पानांकडे बघितलं.

"यमुताई, मी मोरू."

सगळं वसईचं कोर्ट ज्याला राऊतसाहेब म्हणायचं, तो माणूस मोरू झाला.

"दिसतंय मला. मोतीबिंदू काढलाय," यमुताई म्हणाल्या. घरात त्या त्यांची वाडीतली भाषा बोलत, मला परकी बघून शाळेतल्या मराठीवर आल्या असाव्यात. "नोटीस आणलीस?"

"आमंत्रण आणलंय."

"कसलं?"

"अस्मिताच्या लग्नाचं."

यमुताईंच्या हातातलं पान खाली पडलं. "का रे? मोडला पोरीचा संसार?"

"नाही, नाही! चांगला चाललाय. त्याच लग्नाचं आमंत्रण. तेव्हाच्या."

आतून सून पाणी घेऊन आली होती ती तांब्या हातात धरून तशीच उभी राहिली. यमुताईंनी भावाला खालपासून वरपर्यंत बघितलं. मग माझ्याकडे वळून हलक्या आवाजात विचारलं, "तुम्ही कोण? डॉक्टर?"

"शेजारी," मी म्हटलं.

काकांनी मग नुंक प्रो तुंक समजावून सांगायला सुरुवात केली. पण इथे मीठ नव्हतं, लोणचं नव्हतं, आणि समोर थोरली बहीण होती. इंग्लंडपर्यंत गेले आणि अडखळले. यमुताईंनीच उलटतपासणी घेतली.

"उशीर कोणाचा?"

"माझा."

"सुनंदानं सांगितलं होतं तुला, माझ्याकडे ये म्हणून?"

"सांगितलं होतं. पुष्कळदा."

"तू काय म्हणालास?"

"विचार करून सांगतो म्हणालो."

"मग?"

"मग ती गेली," काका म्हणाले. "निकाल तिच्या बाजूनं लागलाय, ताई. ती होती तेव्हापासून लागू. तेवढं सांगायला आलो."

मागच्या बाजूला पंप चालू होता त्याचा आवाज येत राहिला. मला वाटलं, आता ही बाई याला हाकलणार, आणि हाकललं तर मी तिला काय काय ऐकवायचं याची जुळवाजुळव मी सुरू केली.

यमुताई गुडघ्यावर हात ठेवून उठल्या. "आत ये. उंबऱ्याबाहेर आमंत्रण घेत नाही मी."

काकांनी देवापुढे अक्षता ठेवल्या. नारळ ठेवला, सुपारी दिली, वाकून नमस्कार केला. यमुताईंनी पत्रिका उलटीसुलटी करून वाचली, अगदी शेवटच्या 'आपले नम्र'पर्यंत.

"हळद कधी?"

"येत्या मार्गशीर्षात. तिथी तेव्हाचीच. सकाळी."

"बघते. गुडघे दुखतात."

परतताना गासला काका म्हणाले, "नाही म्हणाली नाही." सोपाऱ्यात पुन्हा म्हणाले, "नाही म्हणाली नाही ना?" बिल्डिंगचा जिना चढताना तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मी वैतागून म्हटलं, "हो म्हणाली असंही नाही." म्हटलं आणि जीभ चावली.

हळदीचा दिवस उजाडला. काकांनी पहाटेच दाराला आंब्याचं तोरण लावलं होतं, दोन्ही बाजूंना केळीचे खांब बांधले होते. जिन्यावरून येणारे-जाणारे थांबून विचारत होते, कुणाचं लग्न? काका "अस्मिताचं" सांगत होते आणि लोक माझ्याकडे बघत होते. केटररला चार पानांची ऑर्डर दिली होती. तो म्हणाला, "चारशे ना?" काका म्हणाले, "चार." मसालेभात, जिलबी, अळूचं फदफदं, सगळं डब्यांतून येऊन टेबलावर बसलं. मेलबर्नला अस्मिता भरजरी साडी नेसून मोबाईलवर तयार होती. तिच्या मागे तिचा नवरा टाय लावून उभा होता. "बाबा, याला पुन्हा विचारून घेतलंय. तयार आहे म्हणतो," ती म्हणाली. हसत होती, पण आवाज काही हसण्याचा नव्हता.

मुहूर्त गेला. काका गॅलरीत जाऊन खाली बघत, परत येत, जिलबीवरचा रुमाल सरळ करत. मी म्हटलं, "गुडघे दुखत असतील." ते "हो" म्हणाले. पुन्हा गॅलरीत गेले. त्यांची सदऱ्यातली पाठ एवढीशी दिसत होती. मला त्या क्षणी त्या फादरांचा, त्या लॅटिनचा आणि इंग्लंडातल्या सगळ्या न्यायाधीशांचा राग आला. कशाला या माणसाला असली आशा दाखवली?

तेवढ्यात खाली रिक्षा थांबली.

यमुताई उतरल्या. हिरवी साडी, नाकात नथ, आणि मागच्या सीटवरचा केळ्यांचा एक अख्खा लोंगर रिक्षावाल्याच्या खांद्यावर. लिफ्ट नेमकी बंद होती, म्हणून मी धावत खाली गेले. प्रत्येक मजल्यावर थांबत, "हा मोरू एवढ्या वर कशाला चढला" असं म्हणत त्या माझ्या हाताला धरून वर आल्या. दारात काका उभे होते. हात जोडलेले.

"बाजूला हो. नवरी कुठंय?" यमुताई म्हणाल्या.

मी मोबाईल पाटावर उशीला टेकवून ठेवला. यमुताईंनी वाटीतली हळद घेतली, आणि माझ्या लक्षात येईपर्यंत सरळ काचेवर लावली. आधी दोन्ही गालांना, मग कपाळाला. "आत्या, काही दिसत नाहीये!" अस्मिता आतून ओरडली. "गप बस. नवरीनं बोलू नये," यमुताईंनी दटावलं आणि आणखी एक बोट लावलं. सगळी काच पिवळी झाली. आतून हसण्याचा आणि हुंदक्याचा एकत्रच आवाज येत होता. काका टाळ्या वाजवत होते. मी त्यांना टाळ्या वाजवताना पहिल्यांदाच बघितलं.

"हात कुठे धुऊ?" यमुताईंनी विचारलं.

मी स्वयंपाकघर दाखवलं. त्या आत गेल्या, नळ सोडला, हात धुतले, पदराला पुसले. ओट्याकडे बघितलं, मग गॅसच्या शेगडीकडे, मग रिकाम्या कोपऱ्याकडे. नथ काढली आणि ओट्यावर ठेवली.

आणि मग त्या भुईवर बसल्या आणि त्यांनी गळा काढला.

मयताच्या घरात जवळच्या बायका काढतात तसा, मोठ्यानं, नाव घेऊन. सुनंदा, सुनंदा, अगं माझी वहिनी. पुढचं सगळं त्यांच्या वाडीतल्या भाषेत होतं, मला अर्धंच कळलं. पण एवढं कळलं की काकू गेल्या त्या दिवशी यमुताई रिक्षा करून आमच्या नाक्यापर्यंत आल्या होत्या. ज्या घरच्या लग्नाला आपण नव्हतो त्या घरच्या मयताला कुठल्या तोंडानं जायचं, म्हणून नाक्यावरूनच रिक्षा परत फिरवली होती.

काका स्वयंपाकघराच्या दारात उभे होते. यमुताईंनी त्यांच्या सदऱ्याचं टोक धरून खाली ओढलं, लहान पोराला ओढावं तसं. ते बसले. त्यांचं डोकं बहिणीच्या खांद्यावर गेलं आणि ते रडायला लागले. काकू गेल्या त्या दिवशीही मी त्यांना असं बघितलं नव्हतं. मी मोबाईल पुसून उशीवर ठेवला. तिकडे अस्मिताही पदर तोंडाशी धरून बसली होती.

जिन्यात दारं उघडायला लागली. वॉचमन धावत वर आला. "मॅडम, कौन गया?"

दुसऱ्या मजल्यावरच्या पाटीलबाई तोरणाकडे आणि केळीच्या खांबांकडे बघत म्हणाल्या, "अहो, आत्ता तर हळद होती ना?"

"सुनंदाकाकू गेल्या," मी म्हटलं.

"त्या तर केव्हाच..."

"हो. त्यांच्या नणंद आज भेटायला आल्यात."

पाटीलबाईंनी एक क्षण माझ्याकडे बघितलं. मग त्यांनी दाराशी चपला काढल्या, आत गेल्या आणि यमुताईंच्या शेजारी भुईवर बसल्या. त्यांच्यामागून पाटील आले, मग वरच्या मजल्यावरचे दोघं.

मी माझ्या घरी आले. दुःखाच्या घरी त्या दिवशी शेजाऱ्यांनी जेवण पाठवायचं असतं, आणि ते साधं असावं लागतं. मी कुकरला भात लावला आणि पिठल्यासाठी कांदा चिरायला घेतला.